वीतभर मागे, मग वळवा

नव्या घरात शिरल्यावर माणसं आधी खिडकीतून बाहेर बघतात. माझी आत्या आधी दाराची चौकट बघायची. मग जिना, मग जिन्याचं वळण, आणि मग कुठे घरमालकाकडे तोंड करून, "हं, नमस्कार."

आमचा धंदा घरसामान हलवण्याचा. एका घरातून उचलायचं, ट्रकमध्ये भरायचं, दुसऱ्या घरात लावून द्यायचं. ट्रक मी चालवते. उचलायला चार गडी आहेत. आत्या स्वतः उशीसुद्धा उचलत नाही, पण तिच्यावाचून आमचं पान हलत नाही. गडी तिला कप्तान म्हणतात. तिचे यजमान गेले तेव्हा सगळ्या नातेवाइकांनी बसून ठरवलं होतं की ट्रक विकून टाकावा. आत्याने सगळ्यांना चहा दिला, सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक धुवायला घेतला.

तिचं काम जिन्याच्या वळणावर. सामान वर चढायच्या आधी ती तिथे जाऊन उभी राहायची आणि डोळे मिटायची. कपाट असो, पलंग असो, ती ते डोक्यातल्या डोक्यात उचलून फिरवून बघायची. आडवं, उभं, तिरकं, उलटं. मग डोळे उघडून कमरेच्या पिशवीतला खडू काढायची आणि भिंतीवर एक फुली मारायची. कपाटाचा कोपरा इथे येणार. आणि तो तिथेच यायचा, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. टेप लावून मोजणाऱ्यांची ती यथेच्छ टिंगल करायची. "डोळे देवाने दिलेत, टेप दुकानदाराने," हे तिचं ठरलेलं वाक्य.

आमच्यात सामानालाही माणसासारखेच अवयव असतात. कपाटाची वरची बाजू म्हणजे डोकं, खालची म्हणजे पाय, दारांची बाजू पोट, मागची पाठ. "डोकं खाली, पाठ भिंतीला, पाय येऊ द्या, पोट सांभाळा!" असं ती ओरडायला लागली की शेजारपाजारचे दार उघडून बघायचे, कुणाला दवाखान्यात नेताहेत की काय.

आणि एक नियम होता. तो मोडला की आत्या कुणाचाही मुलाहिजा ठेवायची नाही. अडकलं की ओढायचं नाही. वीतभर मागे घ्यायचं, मग वळवायचं, मग पुढे. ओढलं की लाकूड फाटतं, कठडा वाकतो, नाहीतर कुणाचं तरी बोट जातं. नवा गडी आला की आधी हे पाठ करायचं, नंतर चहा मिळायचा.

बिघडायला नक्की कधी लागलं ते सांगता येत नाही, कारण सुरुवातीला मला फक्त राग यायचा. मी ट्रक मागे घेत असले की आत्या मागे उभी राहून हात हलवायची. "येऊ दे, येऊ दे, अजून येऊ दे..." आणि धाडकन भिंत. वर मलाच ऐकवायची, "आंधळी आहेस का?" मी आंधळी नव्हते, मी तिच्या हाताकडे बघत होते! मग कप. टेबलावर ठेवायची म्हणून ठेवायची आणि तो काठावरून खाली. मग डावा खांदा. घरातल्या प्रत्येक चौकटीला तो एकदा तरी आपटायचा. जी बाई दुसऱ्याचं तीन दारांचं कपाट चौकटीतून रंग न खरवडता काढायची, तिला स्वतःला दारातून नीट जाता येत नव्हतं. मी हसायचे. तीही हसायची. उजव्या हाताची बोटं थरथरायची, त्याला ती थंडी म्हणायची. उन्हाळ्यातसुद्धा.

मग तो लोखंडी कपाटाचा दिवस आला. दुसऱ्या मजल्यावरून खाली उतरवायचं होतं. आत्याने डोळे मिटले, फुली मारली, हाक दिली. कपाट वळणावर आलं आणि भिंत नि कठडा यांच्यामध्ये असं रुतून बसलं की हलेना. फुली एका बाजूला, कोपरा दुसऱ्याच बाजूला. आमच्यातला सगळ्यात किडकिडीत गडी, ज्याला आम्ही पहिलवान म्हणतो, खालून म्हणाला, "कप्तान, उलटं सांगितलंत वाटतं." आत्याचा चेहरा पांढरा पडला. आणि मग तिने जन्मात न उच्चारलेला शब्द उच्चारला.

"ओढा!"

गड्यांनी एकमेकांकडे बघितलं. कप्तानाचा हुकूम. त्यांनी ओढलं. कठडा वाकला, कपाट सुटलं आणि पहिलवानाचा अंगठा भिंतीत चेचला गेला.

घरमालक आरडाओरडा करत होता, पहिलवान अंगठा तोंडात धरून "काही नाही, काही नाही" म्हणत होता, आणि आत्या जिन्याच्या पायरीवर बसून हातातल्या खडूकडे बघत होती. परतताना ट्रकमध्ये ती एकच वाक्य बोलली. "मी डोळे मिटले तेव्हा कपाट अर्धंच फिरलं. पुढे पुसलं गेलं."

डॉक्टरांकडे आम्ही तिघं गेलो. आत्या, मी आणि दादा. दादा म्हणजे तिचा एकुलता एक मुलगा. विमा कंपनीत आहे, त्यामुळे जगात काय काय मोडू शकतं याची त्याला आमच्यापेक्षा जास्त माहिती. डॉक्टर बाई शांत होत्या. त्यांनी आत्याला चालायला लावलं, बोटं आपटायला लावली आणि मग कागदावर एक खोकं काढून दिलं. "हे बघून असंच काढा."

आत्याने काढलं. कागदावर काही रेघा उमटल्या, पण खोकं काही झालं नाही. एक बाजू कुठेतरी निघून गेली होती, दुसरी तिच्यावरच पडली होती. आत्याने कागद उलटा करून बघितला. "आयुष्यभर खोकी हलवली," ती म्हणाली, "आणि मला खोकं काढता येईना."

पार्किन्सन्स. डॉक्टर बाईंनी नीट समजावून सांगितलं. हा आजार म्हणजे नुसता हाताचा कंप नाही. वस्तू किती लांब आहे, दार किती रुंद आहे, एखादी गोष्ट मनात फिरवली तर ती कशी दिसेल, हा हिशेबही त्यात डळमळतो. दार असतं तेवढंच असतं, पण मेंदूला ते अरुंद वाटायला लागतं. पुढे कदाचित दारात पाय थबकतील, जमिनीला चिकटल्यासारखे. तसं झालं तर ओढाताण करायची नाही. जमिनीवर एखादी रेघ असेल तर ती ओलांडायला पाय उचलला जातो, असा बऱ्याच जणांचा अनुभव आहे. औषधांनी बरंच सावरेल, पण आजार जाणार नाही.

"रेघ?" आत्याने विचारलं. "खडूची चालेल?"

"चालेल की."

"मग ते हत्यार माझ्याकडे आहे," आत्या म्हणाली आणि उठताना दाराच्या चौकटीला खांदा आपटून बाहेर पडली.

दादाने त्याच रविवारी तिचं घर आवरायला घेतलं. टेबल भिंतीला लावलं, खुर्च्या गॅलरीत टाकल्या, मधला पलंग कोपऱ्यात सरकवला, म्हणजे आईला कुठे लागायला नको. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. आत्या बाजारातून आली आणि दारातच उभी राहिली. मोकळ्या खोलीत तिला कशाच्या आधाराने कुठे जायचं तेच कळेना.

"हे कोणी केलं?"

"आई, तुझ्याच भल्यासाठी."

"माझ्या डोक्यातलं सामान आधीच कुणीतरी न विचारता हलवलंय," आत्या म्हणाली. "आता घरातलंही तूच हलवणार? या घरात सामान मी हलवते. धंदा आहे माझा तो!"

सगळं होतं तिथे परत आलं. दादाने खुर्च्या आणल्या, पण तो मुद्द्यावरून हलला नाही. धंदा बंद कर. निदान फोनवर बस, वळणावर उभी राहू नकोस. पहिलवानाचा अंगठा चेचला, उद्या कुणाचा पाय जाईल. तुझाच तोल गेला तर? त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणून तर आत्या जास्त चिडली. तिचा आवाज आता बारीक झाला होता, पण धार होती तशीच होती.

"एक काम," ती म्हणाली. "एका ग्रंथपाल बाईंचं पुस्तकांचं कपाट. तिसऱ्या मजल्यावर चढवायचंय. काच तडकली किंवा कुणाला खरचटलं तरी ट्रकची किल्ली मी स्वतः तुझ्या हातात देईन. आणि नीट चढलं तर हा विषय माझ्यासमोर पुन्हा काढायचा नाही. ये बघायला."

मी मध्ये पडणार होते. ते कपाट मी बघितलं होतं. जुनं, अखंड, एकही स्क्रू नाही, त्यामुळे सुटं करता येत नाही. पुढे उंचच्या उंच काचा. लिफ्टमध्ये मावणं शक्य नव्हतं आणि जिना असा चिंचोळा की दोन जाडी माणसं समोरासमोर आली तर एकाला घरी परत जावं लागेल. हेच काम का, असं मी आत्याला नंतर विचारलं. "सोपं काम करून दाखवलं तर तो म्हणेल, सोपं होतं," ती म्हणाली. मला तिचा संताप आला आणि अभिमानही वाटला. दोन्ही एकदम वाटल्यामुळे मी ट्रकचा आरसा पुसत बसले.

दुसऱ्या दिवशी आत्याने मला टेप आणायला सांगितला. मी तोंडाकडे बघत राहिले.

"बघतेस काय? दुकानदाराने दिलेला. आण."

आम्ही दोघींनी तो सगळा जिना मोजला. पायऱ्या, वळणं, कठडे, वरची चौकट. मी बोलत होते, ती मान हलवत होती. मग तिच्या जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याचा जिना बांधला. कापलं मी, कारण तिच्या हातात कात्री ठरत नव्हती. कपाट म्हणून त्याच प्रमाणात बसणारी काडेपेटी घेतली, तिच्या एका बाजूला चांदीचा कागद चिकटवला. ते पोट, म्हणजे काचा. आडवं केलं तर जुन्या जोडण्या मोकळ्या होतील म्हणून हे कपाट नेहमी उभंच न्यायचं होतं, जरा मागे कललेलं. प्रश्न होता तो पोट कुठे ठेवायचं याचा.

आणि आत्या बसली. डोळे मिटून नाही, उघडे ठेवून. थरथरत्या बोटांनी काडेपेटी पुठ्ठ्याच्या पायऱ्यांवरून चढवायची, वळणावर अडकली की थांबायची, वीतभर नव्हे पण नखभर मागे घ्यायची, वळवायची. पडली की उचलायची. कधी काडेपेटी हातातून उडून माझ्या चहात पडायची. मग आम्ही दोघी शिव्या घालायचो, ती हाताला आणि मी काडेपेटीला. असं किती दिवस चाललं ते मी मोजलं नाही. एका संध्याकाळी ती म्हणाली, "गंमत बघ. दुसऱ्या वळणावर माझं डोकं दर वेळेला सांगतं, पोट भिंतीकडे. आणि काडेपेटी सांगते, पोट कठड्याकडे. भिंतीकडे केलं की काच पहिली भिंतीला लागते. दर वेळेला."

"मग?"

"मग काय. डोकं खोटं बोलायला लागलंय हे एकदा कळलं ना, की त्याचं ऐकायचं नाही." हे ती हसत म्हणाली, पण काडेपेटी ठेवताना तिचे डोळे भरले होते. ज्या डोक्यावर तिने सगळं आयुष्य उभं केलं, ते आता परक्यासारखं वागत होतं. मी उठून चहा नवा केला.

कामाच्या दिवशी दादा आमच्या आधी येऊन ग्रंथपाल बाईंच्या घरात बसला होता. ग्रंथपाल बाई म्हणजे टापटीप. आमचे बूटसुद्धा त्यांनी पायरीवर ओळीत लावले. आत्याने वर जाऊन उंबऱ्यापाशी खडूने एक जाड रेघ ओढली, उतरताना दुसऱ्या वळणाच्या भिंतीवर फुली मारली. मग खाली आली आणि पहिल्या वळणावर उभी राहिली. मी तिच्या शेजारी, पुठ्ठ्याचा जिना कडेवर घेऊन. अशी जत्रा त्या इमारतीने कधी पाहिली नसेल.

"उचला!"

कपाट उठलं. जुन्या ब्लँकेटांत गुंडाळलेलं, चार गडी, पट्टे खांद्यावर. पहिलं वळण सहज गेलं. मी पुठ्ठ्यावर काडेपेटी सरकवत होते, आत्या तिच्याकडे बघून हाका देत होती. आवाज पूर्वीसारखा घुमत नव्हता, म्हणून तिची प्रत्येक हाक पहिलवान मोठ्याने परत द्यायचा. त्याच्या अंगठ्याला नवं नख फुटत होतं.

दुसरं वळण आलं. आत्या थांबली. तिने नकळत डोळे मिटले.

"कप्तान," खालून पहिलवान म्हणाला, "पोट कुठे?"

"डोकं म्हणतंय, भिंतीकडे."

"आणि काडेपेटी?"

आत्याने डोळे उघडले. "कठड्याकडे."

"मग कुणाचं ऐकू?"

आत्याचा हात कमरेच्या पिशवीवर गेला. कपाट समोर होतं, खरं, जड, आणि ते भिंतीकडेच जाणार असं तिला धडधडीत दिसत होतं, हे तिच्या तोंडावरून मला कळत होतं.

"काडेपेटी!" ती ओरडली. "पोट कठड्याकडे! पाय जागेवर, डोकं फिरवा! हळू, हळू, पाठ भिंतीला घासू दे, घासू दे!"

पाठ भिंतीला घासत गेली. काचांना कठड्याचा स्पर्शही झाला नाही. कपाट वळलं आणि आत्याने खडूची फुली मारलेल्या जागी त्याचा कोपरा येऊन टेकला. पहिलवान असा हसला की पट्टा निसटायचाच बाकी होता.

राहिला वरचा जिना आणि दार. तिथे थांबायला जागा नव्हती, जिना संपतो तिथेच उंबरा. आमची पद्धत अशी की कप्तान आधी आत शिरते आणि सामान तिच्या मागून येतं. आत्या शेवटची पायरी चढली, दारासमोर गेली आणि थबकली.

खाली बघितलं तर रेघ नव्हती! ग्रंथपाल बाईंनी, सामान येणार म्हणून, उंबरा स्वच्छ पुसून काढला होता.

आत्याचे पाय जमिनीला चिकटले. टाचा उचलायची धडपड दिसत होती, पण पाऊल निघेना. तिच्या मागे पायऱ्यांवर चार माणसं, खांद्यावर ते अखंड कपाट घेऊन. खाली ठेवायला जागा नाही, मागे फिरायला नाही. मी दोन पायऱ्या खाली अडकले होते. अख्ख्या जिन्यात अडकलेली वस्तू एकच होती, आणि ती माझी आत्या होती.

"आई!" दादा आतून धावत आला आणि त्याने तिचा दंड धरला. "ये, ये, मी घेतो!" आणि त्याने तिला ओढलं.

ती पुढे झुकली, पाय मागेच राहिले. पडणारच होती.

"ओढू नका!" चारही गडी एका आवाजात ओरडले. खांद्यावर एवढं ओझं असताना त्यांच्यात एवढा आवाज कुठून आला कोण जाणे. दादाने घाबरून हात सोडला.

आत्याने चौकट धरली. श्वास घेतला. "अडकलं की ओढायचं नाही," ती म्हणाली. दादाला की स्वतःला, कळलं नाही. मग खालून पहिलवानाचा आवाज आला, धापा टाकत, पण अगदी कामावरचा.

"वीतभर मागे, कप्तान."

आत्याने अंगाचा भार मागे घेतला. जास्त नाही, वीतभरच.

"आता वळवा. डावा खांदा आत. डोकं वर. पोट सांभाळा."

"पोटाचं नाव काढू नकोस, मेल्या!" आत्या म्हणाली. ती डावीकडे झुकली, उजवा पाय मोकळा झाला आणि नसलेली रेघ ओलांडावी तसा तिने तो चांगला उंच उचलून उंबऱ्याच्या आत टाकला. दुसरा आपोआप आला. "हं, येऊ द्या! बघत काय उभे राहिलात? दारातून बाजूला हो रे, सामान येतंय!"

दादा भिंतीला चिकटून उभा राहिला. त्याच्या नाकासमोरून कपाट आत गेलं. ब्लँकेटं सुटली, काचा सगळ्या जागच्या जागी, आणि ग्रंथपाल बाई एकेका काचेवर फडकं फिरवत "अगं बाई, अगं बाई" एवढंच म्हणत राहिल्या. मी पुठ्ठ्याचा जिना खाली ठेवला आणि तिथेच उकिडवी बसून रडले. मग पहिलवानाने मला पाणी दिलं आणि विचारलं, "ट्रक तूच चालवणार ना, की काडेपेटी?"

आजार काही गेलेला नाही, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. उद्या पुठ्ठाही पुरणार नाही कदाचित. तो दिवस येईल तेव्हा आत्या त्याच्याशीही भांडेल, आणि मी तिच्या बाजूने असेन.

खाली उतरताना दादा आईच्या एक पायरी पुढे चालत होता, ती पडली तर अडवायला. किल्लीचं नाव त्याने काढलं नाही. इमारतीचं फाटक अरुंद होतं, एक झडप बंद, एक उघडी. तिथे आत्या पुन्हा थबकली. दादा वळला. त्याचा हात पुढे आला, तिच्या दंडापर्यंत गेला. मग त्याने तो मागे घेतला आणि खिशात घातला. घसा खाकरला.

"वीतभर मागे, कप्तान," तो म्हणाला.

आत्याने त्याच्याकडे नीट वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तू आई म्हण," ती म्हणाली. "कप्तान म्हणायला आधी कपाट उचलावं लागतं."

आणि वीतभर मागे झाली, खांदा वळवला आणि फाटकातून बाहेर पडली.